ई-मेल सर्व्हरच्या तबकड्या किती भरवशाच्या?

फेब्रुवारी २०११च्या अखेरीस जीमेलच्या काही वापरकर्त्यांनी आपले खाते उघडले, तेव्हा टपालपेटी पूर्णपणे रिकामी होती. वर्षानुवर्षांची पत्रे, जोडलेल्या फाइली, सारे नाहीसे झाले होते. अशा वापरकर्त्यांचे प्रमाण ०.०२ टक्के असल्याचे गूगलने जाहीर केले. माहिती साठविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलात एक दोष राहून गेला होता. गूगल प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवते. पण दोष सॉफ्टवेअरचाच असल्याने एकाहून अधिक प्रतींना त्याचा फटका बसला. अखेर ही पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. फिती यंत्रणेला जोडलेल्याच नसल्याने सॉफ्टवेअरचा दोष त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नव्हता.

गूगलसारख्या कंपनीवर ही वेळ येते, तर स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालविणाऱ्या वकिलाच्या वा सनदी लेखापालाच्या कचेरीचे काय? निविदेचे उत्तर, अशिलाची सूचना, पैसे पोहोचल्याची पावती हे सारे आता ई-मेलमध्येच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता दिल्यापासून अशी पत्रे हरवणे ही केवळ गैरसोय राहिलेली नाही. म्हणूनच सर्व्हरमध्ये कोणत्या हार्ड डिस्क घालायच्या आणि त्या एकमेकींना कशा जोडायच्या, हा निर्णय विक्रेत्याच्या भरवशावर सोडून देण्यासारखा नाही.

मुळात ई-मेल सर्व्हरचे काम साध्या फाइल सर्व्हरपेक्षा वेगळे असते. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या २००८च्या ‘आरएफसी ५३२१’ या दस्तऐवजानुसार, पत्र स्वीकारल्याचे उत्तर एकदा दिले की ते पोहोचविण्याची, किंवा न पोहोचल्यास पाठविणाऱ्याला तसे कळविण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर येते. नंतर संगणक बंद पडला, ही सबब तेथे चालत नाही. त्यामुळे चांगला सर्व्हर पत्र आधी तबकडीवर खरोखर लिहून घेतो आणि मगच ‘मिळाले’ असे कळवितो. एकाच पत्रासाठी रांगेत एक नोंद, टपालपेटीत दुसरी, सूचीत तिसरी, कामकाजाच्या नोंदवहीत चौथी, अशा छोट्या छोट्या आणि तबकडीवर विखुरलेल्या नोंदी होतात.

फिरत्या तबकडीला नेमके हेच जड जाते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. हवी ती जागा वाचन-लेखन टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि टोक सरकण्याचा वेळ वेगळा. या हिशेबाने अशी डिस्क सेकंदाला ७५ ते १०० विखुरलेल्या कामांपलीकडे फारशी जात नाही. जाहिरातीत ठळक अक्षरांत दिलेला मेगाबाइटचा वेग ई-मेल सर्व्हरच्या फारसा उपयोगाचा नाही.

अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडून भरवसा आणि वेग दोन्ही मिळवावेत, ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रॅंडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. तिलाच ‘रेड’ म्हणतात. यातील ‘रेड १’ म्हणजे आरसा : एका तबकडीवरचे सारे जसेच्या तसे दुसरीवर. ‘रेड ५’ मध्ये किमान तीन तबकड्या लागतात. माहितीबरोबरच तिचे एक गणिती सारही साऱ्या तबकड्यांवर वाटून लिहिले जाते आणि कोणतीही एक तबकडी गेली, तरी उरलेल्यांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा काढता येतो. ‘रेड ६’ दोन तबकड्यांचे जाणे सोसते. ‘रेड १०’ मध्ये आरशातल्या जोड्या करून काम त्या जोड्यांमध्ये वाटले जाते.

चार टेराबाइटच्या चार तबकड्या असतील, तर ‘रेड ५’ मध्ये १२ टेराबाइट जागा हाती लागते आणि ‘रेड १०’ मध्ये आठच. ग्राहकाला साहजिकच पहिला सौदा किफायतशीर वाटतो. परंतु ‘रेड ५’ मध्ये एक छोटी नोंद लिहायची, तर जुनी माहिती वाचा, जुने सार वाचा, नवी माहिती लिहा, नवे सार लिहा, अशी चार कामे पडतात. ‘रेड १०’ मध्ये दोनच. प्रत्येक तबकडी सेकंदाला ८० कामे करते असे धरले, तर चौघींची मिळून ३२० होतात. त्यांतून ‘रेड १०’ला सेकंदाला १६० नोंदी लिहिता येतात, ‘रेड ५’ला ८०, आणि सहा कामे पडणाऱ्या ‘रेड ६’ला जेमतेम ५३. फिरत्या तबकड्याच वापरायच्या असतील, तर ई-मेलसाठी ‘रेड १०’ हेच उत्तर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी पत्रे नुसती जपून ठेवण्याच्या साठ्याला मात्र ‘रेड ६’ शोभून दिसते.

‘रेड ५’चा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एक तबकडी गेल्यावर नवी बसवून मजकूर पुन्हा उभा करताना उरलेल्या तबकड्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या तबकड्यांत या कामाला कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. तेवढ्या काळात दुसरी कोणतीही तबकडी गेली, की सारेच संपले.

दुसरी तबकडी लगेच कशाला जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढलेल्या तबकड्यांचे वयही एकच असते आणि खोडही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबाबत इशारा दिला. त्यांच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधील दोषामुळे बरोबर ३२,७६८ तास, म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास चालल्यावर त्या बंद पडणार होत्या आणि त्यांतील माहिती परत मिळणार नव्हती. आरशातल्या दोन्ही तबकड्या एकाच वेळी सुरू केल्या असतील, तर त्या जवळपास एकाच वेळी जाणार! यावर उपाय सोपा आहे. जोडीतल्या दोन तबकड्या वेगवेगळ्या तुकडीतल्या, शक्य तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात आणि अंतर्गत सॉफ्टवेअरच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात.

कंपन्यांनी दिलेल्या आयुर्मानाच्या आकड्यांवरही फार विसंबू नये. दहा लाख तासांचे सरासरी आयुष्य म्हणजे वर्षाला सुमारे ०.८८ टक्के तबकड्या जाणार, असा अर्थ होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख तबकड्यांच्या नोंदी तपासल्या. तबकड्या बदलण्याचे वार्षिक प्रमाण दोन ते चार टक्के असणे सर्रास आढळले, तर काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेले होते.

आजच्या घडीला चाळीस-पन्नास जणांच्या कचेरीसाठी फार विचार करण्याचे कारण नाही. आरशात जोडलेल्या दोन सर्व्हर-दर्जाच्या एसएसडी पुरेशा ठरतात, कारण सेकंदाला हजारो विखुरलेली कामे त्या सहज करतात. मात्र वीज अचानक गेल्यास हातातली नोंद पुरी करण्यापुरती ऊर्जा साठविणारे कपॅसिटर त्यांत आहेत ना, हे विचारून घ्यावे. घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडींत बहुधा ते नसतात. रेड कार्डावर लिखाणासाठी तात्पुरती स्मृती असेल, तर तिच्या बॅटरीचीही तीच गोष्ट. आपल्याकडील विजेचा लपंडाव पाहता यूपीएस हवाच. पण तो या संरक्षणाची जागा घेऊ शकत नाही. फिरत्या डिस्क घेताना तंत्राचीही चौकशी करावी. वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२० मध्ये मान्य केले, की रेडसाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क एसएमआर तंत्राच्या आहेत. या तंत्रात पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढविलेले असल्याने विखुरलेले लिखाण फार मंदावते.

जागेचा अंदाज बांधताना टपालपेट्यांबरोबर नोंदवह्याही धराव्यात. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

आता राहिला बॅकअप. त्याची आणि रेडची गल्लत सर्रास होते. कोणी चुकून टपालपेटी पुसली, तर आरसा ती दोन्ही तबकड्यांवरून तत्परतेने पुसतो. तेव्हा रोजची एक प्रत सर्व्हरबाहेर आणि आणखी एक कचेरीबाहेर हवी. तीन महिन्यांतून एकदा तरी तिच्यातून एखादी टपालपेटी प्रत्यक्ष परत उभी करून पाहावी.

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. रेडमधील एक तबकडी गेली, तरी काम सुरूच राहते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. तशी सूचना देण्याची सोय बहुतेक यंत्रणांत असते. ती ई-मेलने येते आणि नेमकी त्याच सर्व्हरवरील खात्यावर पाठविलेली असते. हा पत्ता बदलून बाहेरच्या खात्याचा द्यावा आणि जोडीला एक एसएमएसही लावावा.