जळलेल्या माळावर आधीच लावणी झालेली असते

उन्हाळ्यात कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या रिकाम्या प्लॉटवरचं वाळकं गवत पेटलं, की प्रश्न ठरलेला: इथं आता कोणती झाडं लावायची? उत्तर पचायला जड आहे. काहीच लावू नका. लावणी आधीच झालेली आहे.

ती केली कुसळीनं. माळावरून चालताना पायजम्यात रुततं तेच हे गवत. दाण्याला जोडलेलं लांब कुसळ दवानं भिजलं की पीळ सोडतं, उन्हानं वाळलं की पुन्हा पीळ घेतं. या उलटसुलट फिरण्यात टोकदार दाणा मातीत शिरतो आणि त्याच्यावरचे ताठ केस त्याला मागे सरकू देत नाहीत. शेडमधल्या ड्रिल मशीनला वीज लागते. बाहेरचं हे गिरमिट नुसत्या ओलाव्यावर चालतं! चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७६ मध्ये अशाच पीळदार बियांवर अख्खा शोधनिबंध लिहिला. बापाच्या नावापुढे बिचाऱ्याचं गिरमिट कोण लक्षात ठेवतो?

गवताची आग झरझर पुढे सरकते, त्यामुळे माती वरवरच तापते. खाली गेलेला दाणा वाचतो, गवताच्या मुळांचे गड्डे वाचतात, कंदही वाचतात. कंदीलपुष्पाच्या बहुतेक वेली उन्हाळा कंदातच काढतात. शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव यांनी या वेलींच्या आणि गवतांच्या शोधात हयात घातली. पण २०१७ ते २०१९ या काळात राज्यानं पन्नास कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा गवताची बाजू मांडणाऱ्यांचं ऐकलं किती जणांनी? माळावर खड्डे खणले की कंद तुटतात; झाडांची सावली दाटली की ऊन मागणारं गवत हटतं.

म्हणून वणवा चांगला, असं मुळीच नाही. टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, ती होरपळतात. जाळल्यावर गवत कोवळं फुटतं खरं, पण वाळक्या काडीतलं बरंचसं नत्र धुराबरोबर उडून जातं. दरसाल जाळलं, तर उघडी पडलेली माती वळवाच्या सरीत वाहून जाते.

तेव्हा उन्हाळ्याआधी आग अडवणारी जाळरेषा काढा. आजूबाजूचा न जळलेला तुकडा राखा, पाखरं आणि सरडे तिथूनच परततात. जळलेल्या पट्ट्यात पहिला पावसाळाभर गुरं सोडू नका, जेसीबी तर नकोच. घाणेरी फुटली तर मुळासकट उपटा. दोन पावसाळ्यांनंतरही जिथं माती उघडी दिसेल, तिथंच शेजारच्या माळावरचं गवताचं बी पेरा.