इंदूर ते मुंबई : अंतर किती, वेळ किती ?

व्यापारात मालाच्या भावाइतकेच वेळेलाही मोल आहे, हे आमच्या सभासद बंधूंस सांगावयास नको. कृष्णपुऱ्याच्या पेढीवरून ज्यास मुंबईस जावयाचे असते, तो प्रथम विचारतो, ‘विमानास किती वेळ लागतो ?’ उत्तर मिळते, ‘सुमारे सव्वा तास.’ हे उत्तर खोटे नव्हे. पण ते पुरते नाही. म्हणून हा हिशेब आम्ही खातेवहीच्या रीतीने मांडीत आहोत.

प्रथम अंतर पाहू. आकाशमार्गे सरळ रेषेत इंदूर-मुंबई अंतर सुमारे ५०५ किलोमीटर आहे. सडकेने ते ६०० च्या आसपास जाते. रेल्वेने मात्र ८३० किलोमीटर भरतात. कारण गाडी उज्जैन, रतलाम, बडोदे, सुरत असा मोठा वळसा घेते. शहरे दोनच, अंतरे मात्र तीन !

विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर ५०५ किलोमीटरांस ३८ मिनिटे पुरावीत. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व खाली उतरणे यांत हा वेग मिळत नाही. त्यातच मुंबईच्या आकाशात गर्दी असली, म्हणजे घिरट्या घालीत थांबावे लागते. वेळापत्रकातील सव्वा तास हा असा भरतो.

आता उंबरठ्यापासून मोजू. कृष्णपुऱ्याहून बिजासनजवळच्या विमानतळापर्यंत अर्धा तास. तेथे तपासणीसाठी दीड तास. प्रवास सव्वा तास. सामान घेण्यास पाव तास. आणि सांताक्रूझहून झवेरी बाजारापर्यंत सव्वा तास. बेरीज पावणेपाच तासांची झाली. रेल्वेस बारा-तेरा तास लागतात. पण रात्रीच्या गाडीने निघाल्यास कामाचा दिवस वाया जात नाही.

हा विचार केवळ आमच्याकडेच होतो, असे नाही. लंडन-पॅरिस हे सरळ अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. विमानास तेथेही तास-सव्वा तास लागतो. तरी १९९४ साली समुद्राखालच्या बोगद्यातून थेट रेल्वे सुरू झाल्यावर बहुसंख्य उतारूंनी विमान सोडले. कारण ती गाडी सव्वादोन-अडीच तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात नेऊन पोचविते.

इंदूरला विमानाचे नावीन्य नाही. १९३७ साली टाटांची मुंबई-दिल्ली विमानसेवा इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर येथे थांबत जाऊ लागली. २०१९ साली येथून दुबईस थेट उड्डाण सुरू झाले. तथापि माळव्याचा सोयाबीन व कापूस विमानाने जात नाही. त्याचे भाडे रुळांच्या लांबीवर ठरते, आणि आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ३०९ किलोमीटरांच्या इंदूर-मनमाड लोहमार्गास मंजुरी दिली. अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. मनमाडहून मुंबई सुमारे २६० किलोमीटर. म्हणजे ८३० चे ५७० होतील आणि २६० किलोमीटरांचा फेरा वाचेल.

तूर्त आमची सूचना इतकीच : एका दिवसाचा सौदा असल्यास विमान घ्यावे, कुटुंब व सामान बरोबर असल्यास रात्रीची गाडी बरी. आणि मनमाडचा मार्ग लवकर पुरा व्हावा, यासाठी प्रत्येक व्यापाऱ्याने आपला शब्द खर्ची घालावा. कारण त्या मार्गाचा लाभ पेढीच्या मालकाइतकाच शेतकऱ्यास व हमालासही पोचणार आहे.