जुन्या गाडीत इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवताय? आधी वायरिंग समजून घ्या

भर उन्हाळ्यात चिपळूणजवळच्या अलोऱ्याहून कुंभार्ली घाट चढताना जुनी प्रीमियर पद्मिनी मधेच बंद पडू शकते. बऱ्याचदा कारण असतं ‘व्हेपर लॉक’. इंजिनाच्या उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि मेकॅनिकल पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. म्हणून काही जण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवतात.

मग धोका कुठे?

मेकॅनिकल पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. थेट चावीवर जोडलेला इलेक्ट्रिक पंप मात्र चावी ऑन असेपर्यंत चालूच राहतो. अपघातात पाइप तुटला, तर पेट्रोल गरम इंजिनावर सांडत राहतं.

वायरिंग कशी हवी?

• सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
• बॅटरीजवळच फ्यूज लावा. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरला.
• ८७ मधून पंपाला करंट.
• ८६ ला इग्निशनची वायर, पण मधे इनर्शिया स्विच. जोराचा धक्का बसताच तो सर्किट तोडतो.
• ८५ आणि पंपाची दुसरी वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर अर्थ करा.

पंप निवडतानाही जपा. कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शन गाडीचा पंप ४० च्या आसपास दाब देतो. तो लावला तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होईल.

शेवटी चाचणी: चावी ऑन ठेवून इनर्शिया स्विच हातानं ट्रिप करा. पंपाचा आवाज लगेच थांबला नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.