सप्ताहाची कॅसेट आणि सोल म्युझिक: गाणं नेमकं कुठं लागतं?

या एपिसोडचा हा लिखित भाग. बसमध्ये असाल, ऑफिसमध्ये चोरून वाचत असाल, तरी चालेल. फक्त शेवटी सांगितलेली गाणी नंतर हेडफोन लावून ऐका, एवढी विनंती.

विषय आहे सोल म्युझिक. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत. पण सुरुवात नेवासा तालुक्यातून करतो, कारण मला ते कळलं तिथंच. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या घरात अजून तोंडात नगरच येतं.

तर झालं असं. दिवाळीला घरी गेलो होतो. माळ्यावर एक कॅसेट सापडली, वर पेनाने लिहिलेलं, 'सप्ताह 1994'. गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहातलं भजन. मी पडलो इंजिनिअर! जुना टेप शोधला, वायर जोडली, लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्यांदा लावली तर टेपमध्ये फीत गुंतली आणि तुटली. म्हणजे आता जे काही होतं ते लॅपटॉपवरच.

आवाजात खरखर भरपूर. मग मी ती फाईल एका एआय टूलमध्ये टाकली. दोन मिनिटांत खरखर गायब, टाळांचा गोंगाट गायब, बुवांचा आवाज एकदम स्वच्छ. खूश होऊन पप्पांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि एवढंच विचारलं, "यात बापू कुठंय?"

बापू म्हणजे माझे आजोबा. ते कधीच बुवा नव्हते. मागं टाळ धरून उभे राहायचे आणि ध्रुपद उचलायचे. टूलने मुख्य आवाज ठेवला आणि मागची मंडळी 'नॉइज' समजून पुसून टाकली. त्यात बापूही पुसले गेले.

हाक आणि ओ

आता सोलकडे या. हे संगीत 1950 च्या दशकात आकाराला आलं, आणि त्याचं मूळ आहे काळ्या लोकांच्या चर्चमधलं गॉस्पेल, म्हणजे तिकडचं भजनच म्हणा. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे उत्तर देतात. आपल्याकडे बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपदावर येतात, अगदी तसंच. रे चार्ल्सने 1954 मध्ये एका गॉस्पेल गाण्याच्या चालीवर 'आय गॉट अ वुमन' केलं. देवाच्या जागी बाई आली, पण आळवणी तीच राहिली. काही भाविकांना ते अजिबात आवडलं नाही. पण सोलचा फॉर्म्युला तिथं तयार झाला: देवळातला आवाज, रस्त्यावरचं आयुष्य.

आपल्याकडे असा आवाज कुणाचा? मला पहिलं नाव आठवतं प्रल्हाद शिंदे. त्याच गळ्याने विठ्ठलाची गाणी गायली आणि त्याच गळ्याने भीमगीतं. देवाला विचारलेला जाब असो की बाबासाहेबांबद्दलची कृतज्ञता, वरच्या पट्टीत आवाज तसाच ताणला जातो, तसाच किंचित फाटतो. तो फाटका कोपरा मला जास्त लागतो. गुळगुळीत आवाज ऐकताना आपण म्हणतो 'छान गातो'. ताणलेला आवाज ऐकताना म्हणतो 'याला काहीतरी झालंय'.

अंगावर काटा का येतो?

2011 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना त्यांचीच काटा आणणारी गाणी ऐकवली आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. ऐन काटा येण्याच्या क्षणी मेंदूत डोपामिन सुटत होतं. पण गंमत पुढं आहे. तो क्षण यायच्या आधी, नुसती वाट बघतानाही ते सुटत होतं, मेंदूच्या वेगळ्या भागात.

म्हणून भजनाची लय आधी सावकाश असते. पखवाज वाढत जातो, आपल्याला माहीत असतं की आता सगळे मिळून ध्रुपदावर पडणार, आणि ते पडतात. तीस सेकंदांत गाणं पुढं ढकललं तर ही वाट बघणंच होत नाही. मग काटा कुठून येणार?

बंद दार

आता सगळ्यात जड भाग. ऑक्टोबर 1963 मध्ये गायक सॅम कुकला लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट शहरात एका मोटेलने खोली नाकारली, कारण तो काळा होता. पुढच्या वर्षी त्याचं 'अ चेंज इज गॉना कम' आलं. आणि 1964 च्याच डिसेंबरमध्ये गोळी लागून तो गेला. हे गाणं पुढं नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं.

हे वाचलं तेव्हा मला सोयराबाई आठवल्या. चोखोबांच्या पत्नी. ज्या देवासाठी अभंग लिहिले, त्याच्या देवळात या घराला जागा नव्हती. पंढरपुरात चोखोबांची समाधी आजही देवळाबाहेरच आहे. आणि त्याच घरातल्या बाईचा 'अवघा रंग एक झाला' किशोरी आमोणकरांच्या आवाजात आपण ऐकतो. दोघांकडेही दार बंद होतं, आणि दोघांनीही दारापलीकडचं गायलं. रडगाणं आणि सोल यात मला हाच फरक वाटतो: सोलमध्ये दुःख असतं, पण ते कुणाला तरी हाक मारत असतं.

प्लेलिस्ट

आता ऐकायला घ्या:

1. अरीथा फ्रँकलिनचा 'अमेझिंग ग्रेस' अल्बम. 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, समोर माणसं बसवून रेकॉर्ड केलेला. तिच्याइतकंच लक्ष मागून येणाऱ्या 'ओ'कडे द्या.
2. सॅम कुकचं वर सांगितलेलं गाणं. मध्येच थांबवू नका.
3. किशोरीताईंचा सोयराबाईंचा अभंग. रात्री, एकट्याने.
4. प्रल्हाद शिंदेंचं एक विठ्ठलाचं आणि लगेच एक भीमगीत. मध्ये जाहिरात आली तरी सहन करा.

राहिली कॅसेटची गोष्ट. मूळ खरखरीची फाईल मी डिलीट करणारच होतो. केली नाही. तीच पप्पांना पुन्हा लावून दिली. साधारण अकराव्या मिनिटाला, टाळांच्या मागं, अर्धा ठोका उशिरा एक जाडसर आवाज ध्रुपद उचलतो. पप्पांनी बोट वर केलं, "हा बघ." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आता ती फाईल तीन ठिकाणी ठेवलीय, खरखरीसकट. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. आधी जशी आहे तशी कॉपी करा, साफसफाई नंतर. आणि त्यात मागं कोण उभं होतं, ते घरच्यांना विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडला. राम कृष्ण हरी, जय भीम, काळजी घ्या!