परात्मता आणि यंत्रातील माणूस

‘परात्मता’ ही संज्ञा मराठी समीक्षेत पुष्कळदा एकाकीपणाचा पर्याय म्हणून योजली जाते. महानगरातील उदासीनता, व्यक्तीचे तुटलेपण, जगण्यातील निरर्थकता असे तिचे अर्थ रूढ झाले. मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांत (ती १९३२ साली प्रसिद्ध झाली) या संज्ञेने अभिप्रेत आहेत ते संबंध. श्रमिक आपण निर्मिलेल्या वस्तूपासून, निर्मितीच्या क्रियेपासून, स्वतःच्या मनुष्यत्वापासून आणि इतर माणसांपासून दुरावतो. उदासीनता हा या दुराव्याचा एक परिणाम होय.

संगणकाधिष्ठित श्रमव्यवस्थेत हा भेद विशेष स्पष्ट होतो. १७७० साली व्हिएन्नाच्या राजदरबारी केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारे यंत्र दाखविले. तुर्की वेषातील बाहुला चाली करी. वस्तुतः पेटीत एक निष्णात खेळाडू दडलेला असे. २००५ साली ॲमेझॉनने याच यंत्रावरून ‘मेकॅनिकल टर्क’ असे नाव देऊन एक श्रमबाजार उघडला. चित्रातील वस्तू ओळखणे, ध्वनिमुद्रण उतरवून काढणे अशी, संगणकास तेव्हा न साधणारी कामे बारीक तुकडे करून तेथे माणसांकडून करवून घेतली जात. या श्रमिकांत अमेरिकेखालोखाल भारतीयांचा भरणा होता.

२००९ साली जाहीर झालेल्या ‘इमेजनेट’ या चित्रसंग्रहातील लक्षावधी चित्रांची वर्गवारी याच श्रमिकांनी केली. त्या आधारे पुढे संगणक चित्रे ओळखण्यास शिकले. चित्रांची नावे पारखणाऱ्याचे स्वतःचे नाव मात्र एका क्रमांकात लोपले. आपल्या कामातून काय घडणार, हे त्याला बहुधा ठाऊक नसे. काम नापसंत ठरवून मोबदला नाकारण्याची मुभा काम देणाऱ्यास होती; दाद मागावी तर समोर कोणी नाही, आणि दुःख सांगावे तर शेजारी सोबती नाही. तरीही काम देणाऱ्यांविषयीचे अनुभव परस्परांस कळविण्यासाठी ‘टर्कोप्टिकॉन’ हे साधन निर्माण झाले, आणि श्रमिकांनी ते वापरले. संबंध तुटले होते, म्हणूनच ते पुन्हा जोडण्याचा यत्न होऊ शकला. निव्वळ मनःस्थितीवर असा उपाय संभवत नाही.

नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहातील ‘मी’मागे गिरणी, चाळ आणि संघटना यांचे जग उभे होते. नव्या श्रमिकाला असे दृश्य जग लाभलेले नाही. त्याचा ‘मी’ साहित्याला शोधून काढावा लागेल. परात्मता म्हणजे केवळ उदासीनता, असे मानणारी समीक्षा त्या पेटीचे झाकण आपल्याच हातांनी लावून घेते.