संगणकाची परिभाषा आणि शाळेचे दप्तर

१९३७ साली ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यास अभ्यासक्रमाचे रूप दिले. वस्तू हाती येण्याआधी शब्द पाठ करून घेऊ नये, हे त्या पद्धतीचे एक मर्म होय. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलास ‘पेळू’ म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. संगणकाच्या परिभाषेसही हाच न्याय लागू पडतो.

हार्डवेअर म्हणजे डोळ्यांना दिसणारी व हातांनी हाताळता येणारी यंत्रसामग्री. पडदा, कळफलक, माउस ही तिची अंगे. सॉफ्टवेअर म्हणजे त्या यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांचा संच. आज्ञांवाचून यंत्र निरुपयोगी, व यंत्रावाचून आज्ञा निष्फळ.

संगणकाची स्मृती दोन प्रकारची असते. रॅम ही वर्गातील फळ्यासारखी होय. चालू काम तीवर मांडले जाते व वीज जाताच पुसले जाते. हार्ड डिस्क ही हजेरीपटासारखी. तीवर नोंदलेले दुसऱ्या दिवशीही सापडते. फळ्यावरील मजकूर हजेरीपटात उतरविणे, यासच ‘सेव्ह’ अर्थात जतन करणे म्हणतात. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावी दर काही ओळींनंतर जतन करावे. नाहीतर तासाभराचे श्रम क्षणात वाया जातात. जतन केलेला एक कागद म्हणजे फाईल, आणि अशा फायली एकत्र ठेवण्याचा कप्पा म्हणजे फोल्डर.

यंत्रास अक्षरे ठाऊक नसतात. ‘आहे’ व ‘नाही’ या दोनच अवस्था ते जाणते. अशी एक खूण म्हणजे बिट, व आठ बिटांचा एक बाइट. एका बाइटात २५६ निरनिराळ्या खुणा मांडता येतात. जगातील लिप्यांना इतक्या खुणा पुरत नाहीत, म्हणून प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक देणारी यूनिकोड ही पद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत ‘वर्धा’ हा शब्द व, र, हलन्त, ध व काना अशा पाच खुणांनी लिहिला जातो. यूटीएफ-८ या प्रचलित रीतीने देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन बाइट लागतात. म्हणजे ‘वर्धा’ पंधरा बाइटांत मावतो.

ही माहिती केवळ कुतूहलाची नव्हे. जुन्या पद्धतीच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मुलाचे नाव निरर्थक रोमन अक्षरांत दिसते. नाव चुकले की दाखला व शिष्यवृत्ती या दोहोंत अडचण उभी राहते. याकरिता मुलांची नावे यूनिकोडमध्येच लिहावीत.

आणखी दोन शब्दांतील भेद नीट ध्यानी घ्यावा. शाळेचा यूडायस क्रमांक अकरा अंकी असतो. त्यातील आरंभीचे २७ हे अंक महाराष्ट्राचे व पुढील ०८ हे वर्धा जिल्ह्याचे. त्यापुढे तालुका, गाव व शाळा यांचे अंक येतात. हा क्रमांक घराच्या पत्त्यासारखा असून तो कोणासही सांगण्यास हरकत नाही. पासवर्ड मात्र घराची किल्ली होय. त्याच्या योगे मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक व कौटुंबिक माहिती उघडी होते. घाईच्या वेळी ही किल्ली माहिती भरून देणाऱ्या दुकानदाराच्या हाती सोपविणे, म्हणजे पालकांनी टाकलेला विश्वास परहस्ते देणे होय. परक्या संगणकावर काम करणे भागच पडल्यास शेवटी ‘लॉग-आउट’ करावे, म्हणजे दार लावून घ्यावे.

वर्गात शिकविताना व्याख्या लिहून देण्याची घाई नसावी. प्रत्येक मुलाने आपले नाव व गाव स्वतः लिहावे, जतन करावे, संगणक बंद करावा व पुन्हा चालू करून आपली फाईल शोधावी. ती सापडताच फाईल, स्मृती व जतन या तिन्ही शब्दांचा अर्थ त्यास आपोआप उमगेल.