परमवीर चक्र मिळालं की पुढे काय मिळतं? आणि कुणाला?

परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालंय. त्यातल्या १४ जणांना ते मरणोत्तर दिलं गेलं. म्हणजे या पदकासोबत येणारे लाभ बहुतेक वेळा जवानाच्या नाही, तर त्याच्या घरच्यांच्या हातात पडतात. म्हणूनच त्याचे नियम समजून घेऊया.

सुरुवात कधी झाली?

हे पदक २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं, पण लागू झालं १५ ऑगस्ट १९४७ पासून. त्यामुळे नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मीरच्या बडगामला लढताना शहीद झालेले मेजर सोमनाथ शर्मा पहिले मानकरी ठरले. पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकर यांचं. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडचा, पण भारतीय लष्करातले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या.

अट काय?

हुद्दा कोणताही चालतो, स्त्री-पुरुष हा भेद नाही. पण पराक्रम शत्रूसमोर केलेला हवा. युद्धभूमीबाहेरच्या सर्वोच्च शौर्यासाठी अशोक चक्र आहे. २६/११ ला कसाबला पकडताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांना म्हणूनच अशोक चक्र देण्यात आलं.

मान कोणता?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात हयात परमवीर आणि अशोक चक्र विजेते अगदी सुरुवातीला जीपमधून सलामी देत जातात. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली गेली.

पैसे किती?

ऑगस्ट २०१७ मध्ये परमवीर चक्राचा भत्ता दरमहा १०,००० वरून २०,००० रुपये झाला. त्याच वेळी अशोक चक्राचा १२,००० झाला. शौर्य पदक विजेत्यांच्या पेन्शनवर आणि त्यांच्या पश्चात घरच्यांना मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर प्राप्तिकर नाही. रेल्वेचा मोफत पास मिळतो. राज्य सरकारं वेगळी रक्कम देतात, ती प्रत्येक राज्यात वेगळी असते.

आणि पत्नीला?

विजेत्याच्या पश्चात भत्ता पत्नीला मिळतो. पण २०१७ पर्यंत त्यात एक अट होती. तिनं पुन्हा लग्न केलं की भत्ता बंद. सूट एकच होती, ती म्हणजे दिराशी लग्न केलं तर भत्ता सुरू राहायचा. ही अट इतर शौर्य पदकांच्या भत्त्यांनाही होती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ती काढून टाकली. आता पत्नीनं पुन्हा लग्न केलं किंवा नाही केलं, तरी भत्ता तिला हयातभर मिळतो.

पदक नवऱ्याच्या शौर्याचं होतं. तरी त्याच्यामागे तिनं कुणाशी संसार करायचा, यात सरकारचा एक नियम इतकी वर्षं मध्ये येत होता.